नववीच्या बीजगणिताचा सराव: उत्तरसूची न उघडता आपलं गणित आपणच कसं तपासायचं

पहिल्या घटक चाचणीत गणित भाग १ चे मार्क खाली आले की घरात एकच वाक्य येतं, सराव कमी पडतोय. मग क्लास लागतो, गाईड येतं, एक जाड वही येते आणि पोरगं गाईडमधलं सोडवलेलं गणित बघून वहीत उतरवायला लागतं. वही भरते, आईबाबा खूश, आणि पुढच्या चाचणीत परत तेच. कारण उतरवताना सगळं कळल्यासारखंच वाटतं, हात चालतो, डोकं चालत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की बीजगणितात गणित सोडवणं हा अर्धाच सराव, उरलेला अर्धा म्हणजे ताळा. आणि मजा अशी की भूमितीत आपली सिद्धता बरोबर आहे का हे कळायला बऱ्याचदा दुसरं माणूस लागतं, पण संख्या, घातांक, समीकरणं यात जवळपास प्रत्येक उत्तर तुम्ही स्वतः तपासू शकता, सरांची वाट बघायची गरज नाही, उत्तरसूची उघडायचीही नाही. ते कसं करायचं तेच खाली लिहितोय. पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात, मी इथे टायपायला सोपं म्हणून क्ष, य, अ, ब वापरतोय, आणि घातासाठी ^ ही टोपी, म्हणजे २^३ म्हणजे दोनचा तिसरा घात, आठ.

आधी एक कडू गोष्ट. बीजगणितात अडलेल्या पोरांपैकी बरीच बीजगणितात अडलेलीच नसतात, ती अपूर्णांकात आणि वजाच्या चिन्हात अडलेली असतात. म्हणून पहिला आठवडा नववीचं पुस्तक बंद ठेवा. ३/४ − ५/६ किती, −७ − (−३) किती, २/३ ÷ ४/९ किती, १२ − ३ × (२ − ५) किती, अशी गणितं तोंडी आणि लेखी, रोज थोडी थोडी. कंचेभागुबेव पाठ असतं सगळ्यांना पण १२ − ३ × (−३) ला ९ × (−३) करणारे वर्गात भरपूर सापडतील, उत्तर २१ आहे, −२७ नाही. आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी म्हणजे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असायचे, पाऊण सक साडेचार हे ते विचार न करता म्हणायचे. आता ते कुणी पाठ करत नाही आणि करा असंही मी म्हणत नाही, पण ६ च्या पाऊणपटीला कागद लागत असेल तर ३क्ष/४ = ६ बघून भीती वाटणारच. पाठ करायचंच असेल तर ३० पर्यंतचे वर्ग, १० पर्यंतचे घन, २ चे घात १०२४ पर्यंत, ३ चे ७२९ पर्यंत आणि ५ चे ६२५ पर्यंत. एवढं असलं की करणी (√२ सारखी पूर्ण न सुटणारी मुळं) आणि घातांक दोन्ही निम्मे सोपे होतात.

आता संख्यांकडे. नैसर्गिक, पूर्ण, पूर्णांक, परिमेय, अपरिमेय, वास्तव ही नावं घोकायची नाहीत, संख्या हातात घेऊन ती कुठे बसते ते ठरवायचं. कागदावर ह्या लिहा: ०, −५, २२/७, पाय (π), √१६, √१२, ०.३३३..., ०.१०१००१०००१..., ३.१४. प्रत्येकीपुढे ती परिमेय की अपरिमेय आणि का. नेहमी गडबड होते ती २२/७ आणि पाय यांच्यात. २२/७ हा सरळ सरळ अपूर्णांक, म्हणजे परिमेय, आणि ३.१४ पण परिमेय कारण ते ३१४/१००. पाय अपरिमेय आहे, आपण हिशोबासाठी त्याच्या जागी २२/७ वापरतो म्हणून तो २२/७ होत नाही. √१६ वर मूळचिन्ह दिसलं की लगेच अपरिमेय लिहू नका, तो ४ आहे. आणि ०.१०१००१०००१... मधे नमुना दिसतो पण तोच गट पुन्हा पुन्हा येत नाही, शून्यं वाढत जातात, म्हणून अपरिमेय.

हे नीट डोक्यात बसवायचं असेल तर एकदा, फक्त एकदा, १ ला ७ ने हाताने भागा, कॅल्क्युलेटर नको. आणि भागाकारापेक्षा बाकीकडे बघा. १० मधून ७ गेले बाकी ३, मग ३० मधून २८ गेले बाकी २, मग २० ला बाकी ६, ६० ला बाकी ४, ४० ला बाकी ५, ५० ला बाकी १. आणि १ आली की आपण परत जिथून निघालो तिथेच, म्हणजे पुढे सगळं तसंच. ०.१४२८५७१४२८५७... ७ ने भागताना शून्य सोडली तर बाकी १ ते ६ यापैकीच काहीतरी येणार, सहाच्या वर वेगळ्या बाक्या आणणार कुठून? त्यामुळे आवर्तन होणारच. हे एकदा दिसलं की परिमेय संख्येचं दशांश रूप एकतर खंडित असतं नाहीतर आवर्ती, हे वाक्य पाठ करावं लागत नाही.

खंडित कधी? छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील तेव्हा. ७/८ खंडित, १३/१२५ खंडित, १/१२ नाही. पण आधी अपूर्णांक अतिसंक्षिप्त करून घ्या, ६/१५ बघून १५ मधे ३ आहे म्हणून आवर्ती असं लिहिलं की गेलं, कारण तो २/५ आहे, ०.४. परीक्षेत हेच टाकतात.

उलटं पण करा. ०.०७७७... चा अपूर्णांक. क्ष = ०.०७७७... धरा, १०क्ष = ०.७७७..., १००क्ष = ७.७७७..., वजा केलं की ९०क्ष = ७, म्हणजे ७/९०. बरेच जण पाठ केल्यासारखं थेट १०क्ष मधून क्ष वजा करायला जातात आणि शेपूट जुळत नाही म्हणून अडकतात. दोन्ही ओळींची शेपटं सारखी होईपर्यंत १० ने गुणत राहायचं, नियम एवढाच. ताळा? ७ ला ९० ने भागून बघा, ०.०७७ येतं का. अर्ध्या मिनिटाचं काम.

करणीचा भाग नववीत नवीन असतो म्हणून तिथे जास्त वेळ द्या. √८ + √१८ = √२६ हे मी बघितलेल्या वह्यांमधलं सगळ्यात लाडकं उत्तर. अशा वेळी ओळखीच्या संख्या घालायच्या: √९ + √१६ म्हणजे ३ + ४ = ७, आणि √२५ म्हणजे ५. संपलं, बेरीज मूळचिन्हाच्या आत घुसवता येत नाही. √८ = २√२, √१८ = ३√२, बेरीज ५√२. छेदाचं परिमेयीकरणही तसंच, १/(√५ − √३) ला अनुबद्ध जोडीने म्हणजे √५ + √३ ने वर खाली गुणलं की (√५ + √३)/२ येतं, मग √५ ला २.२३६ आणि √३ ला १.७३२ धरून दोन्ही बाजू काढा, दोन्हीकडे १.९८ च्या आसपास येतं. इथे कॅल्क्युलेटर वापरला तर माझी हरकत नाही, ताळ्यासाठी आहे, गणितासाठी नाही.

एक गणित मी आवर्जून सोडवायला लावतो कारण त्यात अपूर्णांक, वर्ग, अपरिमेय सगळं येतं. बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञाच्या वेदी मोजून कशा बांधायच्या ते सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात, √२ ची किंमत अशी दिलीय: १ मधे त्याचा तिसरा भाग मिळवा, मग त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा, आणि मग त्या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. म्हणजे १ + १/३ + १/१२ − १/४०८. ४०८ हा छेद घ्या: ४०८ + १३६ + ३४ − १ = ५७७. तर ५७७/४०८. आता ५७७ चा वर्ग करा, ३३२९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट करा, ३३२९२८. फक्त एकाचा फरक! वेदी बांधायच्या काळात हे लोक एवढ्या जवळ गेले होते, दशांशात बघितलं तर पहिली पाच स्थळं जुळतात. आणि तो एकाचा फरक कुठलेही पूर्णांक घेतले तरी शून्य होणार नाही, √२ अपरिमेय आहे याचा अर्थच तो. हे पोरांना हाताने करू द्या, सांगू नका.

आता घातांक. इथे सात नियमांचा तक्ता भिंतीवर चिकटवायची पद्धत आहे, चिकटवा, पण पहिले काही दिवस तक्त्याकडे न बघता उलगडून लिहा. २^३ × २^४ म्हणजे तीन वेळा २ आणि चार वेळा २, एकूण सात वेळा, २^७. असं लिहिणारा पोरगा कधी ४^७ लिहीत नाही, तक्ता पाठ केलेला लिहितो. (३क्ष)^२ म्हणजे ३क्ष × ३क्ष, म्हणजे ९क्ष^२, ३क्ष^२ नाही. (२^३)^२ म्हणजे ८ × ८ = ६४, आणि २^(३^२) म्हणजे २^९ = ५१२, ह्या दोघांत किती अंतर आहे बघा.

शून्य घात का १? ओळ लिहा: २^४ = १६, २^३ = ८, २^२ = ४, २^१ = २. दर वेळी निम्मं होतंय. पुढे जा, २^० = १, २^−१ = १/२, २^−२ = १/४. घात ऋण झाला म्हणून संख्या ऋण होत नाही, लहान लहान होत जाते, पण शून्याच्या वरच राहते. हे ज्याच्या हाताने एकदा लिहून झालंय त्याला ५^−२ = −२५ लिहिताना खटकतंच. आणि कंस! (−२)^४ = १६ पण −२^४ = −१६, कारण दुसऱ्यात घात फक्त २ वर आहे, वजा बाहेर उभा आहे. ह्या एका गोष्टीवर रोज दोन गणितं करा, सांगतोय, दहावीत वर्गसमीकरणाच्या सूत्रात ब^२ − ४अक काढताना ब ऋण असला की इथलंच दुखणं वर येतं.

अपूर्णांक घाताला पोरं फार घाबरतात, त्यात काही नाही, छेद म्हणजे मूळ आणि अंश म्हणजे घात, आणि आधी मूळ काढायचं मग घात, नाहीतर आकडे उगाच मोठे होतात. २७^(२/३): २७ चं घनमूळ ३, त्याचा वर्ग ९. १६^(३/४): चौथं मूळ २, त्याचा घन ८. ३२^(−२/५): पाचवं मूळ २, वर्ग ४, आणि घात ऋण म्हणून १/४. आधी वर्ग करून मग घनमूळ काढायला गेलात तर २७ चा वर्ग ७२९ आणि त्याचं घनमूळ शोधत बसा, उत्तर तेच येईल पण वेळ जाईल.

बेरजेला घातांकाचा नियम नाही हे सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागतं. २^३ + २^४ म्हणजे ८ + १६ = २४, २^७ म्हणजे १२८. मग २^१० + २^१० किती? इथे ४^१० म्हणणारे निघतात, २^२० म्हणणारे निघतात. २^१० दोन वेळा, म्हणजे २ × २^१०, म्हणजे २^११. मग ३^५ + ३^५ + ३^५ तुम्हीच करा. आणि २^३० मोठा की ३^२० हे पण, दोघांचा घात १० करून बघा, ८^१० आणि ९^१०, कॅल्क्युलेटरशिवाय उत्तर समोर. असली गणितं पुस्तकात कमी असतात पण नियम हाडात मुरायला हीच लागतात.

विज्ञानाच्या पुस्तकातून पण घातांकाचा सराव होतो, फुकटचा. सूर्य साधारण १.५ × १०^११ मीटर लांब, प्रकाश सेकंदाला ३ × १०^८ मीटर जातो, मग उजेड आपल्यापर्यंत यायला किती वेळ? १.५ ला ३ ने भागा ०.५, १०^११ ला १०^८ ने भागा १०^३, म्हणजे ५०० सेकंद, आठ मिनिटं वीस सेकंद. शून्यं मोजत बसला असतात तर एखादं शून्य नक्की पडलं असतं.

आता मुख्य, बैजिक राशी आणि समीकरणं. राशीचा ताळा कसा करायचा ते नीट समजून घ्या कारण यावरच सगळं उभं आहे. तुम्ही एका राशीचं रूप बदललंत, कंस सोडवला, अवयव पाडले, काहीही केलंत, तर आधीच्या आणि नंतरच्या राशीत क्ष च्या जागी एकच संख्या घाला, दोन्हीकडे सारखंच यायला पाहिजे. नाही आलं तर चूक नक्की. उदाहरणार्थ कोणी लिहिलं (क्ष + ३)^२ = क्ष^२ + ९. क्ष = ३ घाला, डावीकडे ३६, उजवीकडे १८. गेलं. बरोबर विस्तार क्ष^२ + ६क्ष + ९, आता उजवीकडे ९ + १८ + ९ = ३६. जुळलं.

पण कुठली संख्या घालायची यात गंमत आहे. सोपी म्हणून सगळे ० घालतात, आणि ० घातलं की वरचं चुकीचं उत्तरही बरोबर दिसतं, दोन्हीकडे ९. मग १ घालावं? क्ष^२ × क्ष^३ = क्ष^६ असं कोणी लिहिलं तर १ घालून दोन्हीकडे १ च येणार, चूक लपली. बरं मग २? २ तर सगळ्यात लबाड, कारण २ + २ पण ४, २ × २ पण ४ आणि २^२ पण ४, म्हणजे क्ष + क्ष ला क्ष^२ लिहिणारा २ घालून खुशाल बरोबर ठरतो. म्हणून ३ घाला. चिन्हांची शंका असेल तर −३ पण घालून बघा. एक संख्या जुळली म्हणजे सिद्ध झालं असं नाही हेही लक्षात ठेवा, पण दोन्ही बाजूंना क्ष चा जास्तीत जास्त दुसरा घात असेल आणि तीन वेगवेगळ्या संख्यांना दोन्ही बाजू जुळल्या तर मग दोन्ही बहुपदी एकच आहेत, तिथे शंका उरत नाही. तिसरा घात असेल तर चार संख्या. रोजच्या सरावाला ३ पुरतो.

वजाच्या मागचा कंस हा दुसरा खड्डा. ७ − ३(क्ष − २) ला काही जण ४(क्ष − २) करतात, काही ७ − ३क्ष − ६ करतात. बरोबर ७ − ३क्ष + ६, म्हणजे १३ − ३क्ष. क्ष = ३ घालून तिघांना बघा: मूळ राशी ४, पहिला ४ (हो, इथे ३ ने पण फसवलं, म्हणून ५ घाला), ५ घातलं की मूळ राशी −२, पहिला १२, दुसरा −१४, बरोबर वाला −२. तेव्हा शंका आली की दुसरी संख्या घालायला आळस करू नका.

छाटणं हा तिसरा. (क्ष + ६)/६ मधे वर ६ खाली ६ दिसले की पेन आपोआप चालतो. छाटता फक्त गुणलेल्या गोष्टी येतात, मिळवलेल्या नाही. क्ष = ३ घाला, ९/६ म्हणजे दीड, आणि छाटून उरलेला क्ष म्हणजे ३. (६क्ष + ६)/६ असतं तर आधी ६ सामाईक काढून मग छाटता आलं असतं.

समीकरणाचा ताळा तर अजून सोपा, आलेलं उत्तर मूळ समीकरणात घालायचं. मूळ म्हणजे मूळ, दुसऱ्या ओळीत नाही, कारण चूक पहिल्या ओळीतून दुसरीत येतानाच झालेली असते. हे बघा: क्ष/३ − (क्ष − २)/४ = १. सगळ्याला १२ ने गुणलं, ४क्ष − ३(क्ष − २) = १२, म्हणजे ४क्ष − ३क्ष + ६ = १२, क्ष = ६. ताळा: ६/३ म्हणजे २, ४/४ म्हणजे १, २ − १ = १, बरोबर. आता ज्याने कंस सोडवताना − ६ लिहिलं त्याला क्ष = १८ येतं, आणि १८ तर किती छान पूर्ण संख्या, संशयच येत नाही! घालून बघा: १८/३ म्हणजे ६, १६/४ म्हणजे ४, ६ − ४ = २. एक यायला पाहिजे होता. उत्तर पूर्णांकात आलं म्हणजे बरोबर हा समज जितक्या लवकर जाईल तितकं बरं.

बाजू बदलली की चिन्ह बदलतं, हे वाक्य मला स्वतःला फारसं आवडत नाही. शिकवायला सोपं आहे, पण मग ३क्ष = १२ मधला ३ पण पलीकडे जाऊन −३ होतो आणि क्ष = ९ येतो. त्यापेक्षा निदान महिनाभर ओळीच्या उजवीकडे बारीक अक्षरात लिहा, दोन्ही बाजूंना ५ मिळवले, दोन्ही बाजूंना ३ ने भागलं. कंटाळवाणं आहे, मान्य, पण आपण काय केलं हे शब्दात लिहिता येत नसेल तर ती ओळ अंदाजाने आलीय समजा.

शाब्दिक उदाहरणांचा ताळा मात्र समीकरणात करायचा नाही, गोष्टीत करायचा. वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट, १२ वर्षांनी दुप्पट होईल. मुलाचं क्ष, वडिलांचं ३क्ष, १२ वर्षांनी ३क्ष + १२ = २(क्ष + १२), क्ष = १२. आता समीकरण विसरा आणि गोष्ट वाचा: मुलगा १२, वडील ३६, तिप्पट आहेत. १२ वर्षांनी २४ आणि ४८, दुप्पट आहेत. झालं. कोणी १२ फक्त वडिलांना मिळवले असतील, ३क्ष + १२ = २क्ष, तर क्ष = −१२ येतं, आणि मुलाचं वय उणे बारा लिहून खाली दोन रेघा मारणारे पण आहेत.

बीजगणित कशाला असतं असं कोणी विचारलं तर मी कापरेकरांचा खेळ देतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, देवळालीचे शाळामास्तर, त्यांनी १९४९ मधे दाखवलं की कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून मोठीतून लहान वजा करा, परत तेच करा, शेवटी ६१७४ वर येऊन थांबता. ३५२४ घ्या: ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ७६४१ − १४६७ परत ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. तीन अंकी संख्यांना हाच खेळ ४९५ वर संपतो, आणि तिथे का ते नववीच्या पोराला समजतं. मोठा अंक अ, मधला ब, लहान क. मोठी संख्या १००अ + १०ब + क, लहान १००क + १०ब + अ, वजाबाकी ९९अ − ९९क, म्हणजे ९९(अ − क). मधला ब उडालाच. म्हणजे पहिल्याच पायरीनंतर तुमच्याकडे ९९, १९८, २९७ अशा ८९१ पर्यंतच्या ९ संख्यांपैकीच एक असणार, त्या नऊ तपासल्या की खेळ सिद्ध. नऊच्या नऊ तपासा, वजाबाकीचा सराव होतो तो वेगळाच.

गणितं संपली, नवीन कुठून आणू, ही तक्रार बीजगणितात चालत नाही. उत्तर आधी ठरवा आणि गणित मागून बांधा. क्ष = −२ ठरवलं, तर ५क्ष + ३ = −७, आता दोन्ही बाजूंना २क्ष मिळवा, ७क्ष + ३ = २क्ष − ७, झालं समीकरण तयार, मित्राला द्या. अवयवांसाठी (क्ष − ४)(क्ष + ७) गुणून क्ष^२ + ३क्ष − २८ मित्राला द्या आणि त्याचं तुम्ही घ्या. गणित बनवताना जेवढं शिकायला होतं तेवढं सोडवताना होत नाही. विस्तार सूत्रांना तर पेन पण नको, बसमधे बसल्या बसल्या ४७ चा वर्ग (५० − ३)^२ म्हणून २५०० − ३०० + ९ = २२०९, ९८ × १०२ म्हणजे १०००० − ४ = ९९९६.

वेळापत्रकाचं फार स्तोम नको. रोज अर्धा पाऊण तास, सलग, मोबाईल दुसऱ्या खोलीत. सरावसंच क्रमाने सोडवताना एक धोका असतो, घातांकाच्या सरावसंचात सगळी गणितं घातांकाचीच असतात, त्यामुळे कुठला नियम लावायचा हे आधीच फुटलेलं असतं. म्हणून धडा झाला की धड्याच्या शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह, आणि शनिवार रविवारी तीन वेगवेगळ्या धड्यांतली गणितं चिठ्ठ्या टाकून उचला. आठवीचं पुस्तक हरवलं असेल तर बालभारतीच्या साईटवर पीडीएफ मोफत मिळतं, घातांक, विस्तारसूत्रं आणि अवयव तिथूनच परत करा, कमीपणा मानू नका. चुकलेलं गणित खोडरबरने पुसू नका, चुकलेल्या ओळीला गोल करा आणि बाजूला एक शब्द लिहा, चिन्ह, कंस, छाटणं, घाई, नियम. पंधरवड्याने मागे वळून बघितलं की एकच शब्द सारखा दिसेल, पुढचा आठवडा फक्त त्याचा. फोटो काढला की पायऱ्या दाखवणारी ॲपं आहेत, ती ताळा फसल्यावर आणि चूक शोधून दमल्यावरच उघडा.

आईबाबांना गणित आठवत नसलं तरी चालतं. वहीतल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवून विचारा, ही वरच्या ओळीतून कशी आली, आणि ताळा कुठाय. उत्तर अडखळलं तर तिथे काहीतरी आहे.

खाली थोडी मिसळ देतोय, उत्तरं मुद्दाम देत नाही, ताळा करा. ५^० + (१/२)^−३ − २७^(२/३). √७५ − √२७ + √१२. ०.१३६३६३६... चा अपूर्णांक, अतिसंक्षिप्त रूपात. ४९क्ष^२ − २५ चे अवयव. २(क्ष − ३)/५ − (क्ष − ७)/३ = २. ३^(क्ष + २) − ३^क्ष = २१६, इथे वजाबाकी आहे तेव्हा घातांकाचा नियम लावायची घाई नको, आधी ३^क्ष सामाईक काढा. आणि एक दोन अंकी संख्या, अंकांची बेरीज ११, अंकांची अदलाबदल केली की २७ ने वाढते.